दहा चाळीस ते सव्वा एक

माझी आत्या बावीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुते आहे. चार मशीन एकाच वेळी चालू असतात, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि कुठलं कधी उघडायचं हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. मुकादमाची जागा रिकामी झाली तेव्हा ती आत्यालाच मिळणार, असं सगळेच धरून चालले होते. पण या वेळी लेखी परीक्षा ठेवली होती. प्राथमिक गणित, त्यातही बहुतेक वेळेची उदाहरणं. पन्नासपैकी पस्तीस मिळाले तरच पास.

चौथीत शाळा सुटलेली आत्या कोरी वही घेऊन माझ्याकडे आली. मी नुकतीच इंजिनीअर झालेली, शिकवायची हौस उतू जात होती. पहिलं उदाहरण घातलं: मशीन दहा चाळीसला सुरू झालं, सव्वा एकला थांबलं, तर किती वेळ चाललं? खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, दोन तास पस्तीस मिनिटं. मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे, पण रीत? आणि तास-मिनिटांची घरं आखून वजाबाकी शिकवायला घेतली. मिनिटं कमी पडली की एक तास सुटा करायचा.

आठ दिवसांत मी तिची पार वाट लावली. सुट्या केलेल्या तासाची ती साठऐवजी शंभर मिनिटं धरायची. उत्तर यायचं दोन तास पंच्याहत्तर मिनिटं.

"एवढ्या वेळात चादरी विरून जातील गं," ती म्हणायची.

पुढे कामावरही ती मशीनसमोर बोटं मोजत थबकायला लागली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिने वही मिटली.

"इंजिनीअरबाई, तुझी रीत तुझ्याजवळच ठेव. होतं तेवढं डोकं तरी शाबूत राहू दे माझं."

परीक्षेत तिने मनातलं जसंच्या तसं लिहिलं. अकरा वाजायला वीस मिनिटं, तिथून एकपर्यंत दोन तास, वर पंधरा मिनिटं. सगळी उत्तरं बरोबर आली. तपासणाऱ्या साहेबांनी मात्र रीतीचे गुण कापून तिला तेहतीसवर आणून ठेवलं.

आत्या थेट त्यांच्या टेबलाशी गेली. उत्तरांबद्दल तक्रार नाही, पण रीत पुस्तकातली नाही, असं साहेबांनी सांगितलं. तिने वाद घातला नाही. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती.

"साहेब, तुम्ही किती वाजता सुटता?"

"साडेपाचला."

"म्हणजे अजून किती वेळ आहे?"

"पाच तास चाळीस मिनिटं."

"कसं काढलंत?"

"बारा वाजायला दहा मिनिटं, तिथून साडेपाचपर्यंत..." साहेब बोलता बोलता थांबले.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान खाली घालून हसू दाबलं. साहेबांनी उत्तरपत्रिका परत ओढून घेतली, पहिल्या उदाहरणापासून पुन्हा वाचायला लागले, आणि वर न बघताच आत्याला म्हणाले, "बसा."