दातांवर चढलेला दगड

"तुमचे दात किडलेले नाहीत. त्यांच्यावर दगड चढलाय," डॉक्टरसाहेब म्हणाले.

ठाण्याच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर मी तोंड वासून बसलेलो. वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी खालचे पुढचे दोन दात काढून घ्यायला आलो होतो. आता हे म्हणतात, दात राहू देत, दगड काढू. तोंडात दगड कुठून येणार?

माझ्यासारखे गोंधळलेले पुष्कळ असतील, म्हणून झालं ते सगळं सांगतो.

मी शहाडचा गुरव. कल्याणच्या एका देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवतो, लग्नसराईत लग्नांना जातो. थोरला भाऊ, दादा, माझ्या मागे दुसऱ्या सनईवर सूर धरतो. दोन्ही घरच्या चुली माझ्या फुंकरीवर पेटतात, असं तोच म्हणायचा.

पौषात एके सकाळी सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीवर रक्त दिसलं. ओठ फुटला असेल म्हणून पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग हिरड्या सुजल्या, तोंडाला वास येऊ लागला, आणि खालचे दोन दात जिभेने ढकलले की हलायचे. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत नाही तर हा आजार कसला, हेच मला कळेना.

कोणी म्हणालं, मिश्री जास्त लाव, हिरड्या घट्ट होतात. मी दिवसातून चारदा लावू लागलो, तर रक्त वाढलं. कोणी म्हणालं, दातांना हातच लावू नको. दोन दिवस तेही करून पाहिलं. कल्याणच्या बाजारात दात काढणारा एक वैदू बसायचा. त्याने अंगठ्याने दात हलवून पाहिले आणि सांगितलं, "हे दोन गेले. लवकर काढ, नाहीतर शेजारचे नासतील."

दादाला ते पटलं. "काढून टाक रे. पत्ती ओठांत धरायची, दातांत थोडीच?"

पण पुढचे दात गेले की ओठ आत बसतो. आमच्या वडिलांची सनई अशीच सुटली होती.

माझी बायको सगुणा म्हणाली, "काढायचेच असतील तर डॉक्टरकडून काढा. बाजारात नको." माघ लागला होता, आठ दिवसांनी मोहने गावात एका लग्नात मला वाजवायचं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी आणि दादा कल्याणपर्यंत चालत गेलो आणि तिथून गाडीने ठाण्याला.

दवाखान्याच्या ओसरीत दुपारपर्यंत बसलो. आतून एक म्हातारा गाल धरून बाहेर आला. त्याला विचारलं, "फार दुखतं का?" त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही.

डॉक्टरांनी लहान गोल आरसा तोंडात घातला, हिरडी दाबून पाहिली, दात एकेक करून ठोकला. मग ते दगडाचं बोलले आणि त्यांनी समजावून सांगितलं. "याला टार्टर म्हणतात. थुंकीतला क्षार आणि दाताला चिकटलेला मळ, दोन्ही मिळून घट्ट होतात. ते हिरडीखाली शिरलं की हिरडी सुजते, रक्त येतं, दात सैल होतो. आज स्केलिंग करू. स्केलिंग म्हणजे खरवडून साफ करणं."

बारीक आकडीसारखं हत्यार त्यांनी दाताला लावलं. दुखण्यापेक्षा आवाजच भयंकर. आपल्याच कवटीत कोणी छिन्नीने पाट्याला टाकी लावतंय असं वाटतं. मग कडक असं काहीतरी तुटून जिभेवर पडलं. मी डॉक्टरांचा हात धरला.

"दात फोडलात!"

त्यांनी तो तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. काळपट, पिवळा, खडबडीत. "हा दात नव्हे."

"मग दात कुठाय?"

"याच्या खाली. बऱ्याच वर्षांत तुम्ही तो पाहिलेला नाही."

कंपाउंडरने मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायला लावल्या. पाणी लाल झालं, मग गुलाबी. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "मिश्री बंद. बाभळीची कोवळी काडी चावून हलक्या हाताने फिरवा. आठ दिवसांनी दाखवायला या."

पण पुढचे दोन दिवस जिवाला चैन नव्हती. दातांमध्ये फटी झाल्या होत्या, जीभ सारखी तिथेच जाई. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. दात पूर्वीपेक्षा जास्तच हलताहेत असं वाटे. सनई तोंडाला लावली, तर ओठ बसेना, सूर फाटला.

दादा भडकला. "दोन दात जात होते, आता सगळे जातील! मी सांगत होतो तुला!"

मलाही डॉक्टरांनी बिघडवलं असंच वाटलं. दात होता त्याला दगड म्हणाले की दगडाला मी दात समजत होतो? आरशात पाहिलं तरी ठरेना. लग्नाला दुसरा सनईवाला पाहावा, इथपर्यंत गोष्ट आली. मी आठ दिवस थांबलो नाही, चौथ्या दिवशीच एकटा ठाण्याला गेलो आणि तक्रार केली.

डॉक्टर रागावले नाहीत. दात हलवून पाहत म्हणाले, "सैल खांबाभोवती चिखल वाळला की खांब घट्ट वाटतो. चिखल काढला की डुलतो. तुमची हिरडी आता दाताला धरायला लागली आहे. कळही कमी होईल."

"म्हणजे दात टिकतील?"

"एक टिकेल. दुसऱ्याचं आज सांगता येत नाही."

इतकं सरळ उत्तर ऐकून मी आणखीच गोंधळलो, पण विश्वासही त्याच उत्तराने बसला. मोहने गावच्या लग्नात मीच वाजवलं. वरचे सूर सांभाळून घेतले. दादाने सूर इतका घट्ट धरला की माझी कसर झाकली गेली. परतताना तो एवढंच म्हणाला, "पत्तीवर रक्त नाही रे आज."

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं होतं. दुखत नसताना दवाखान्यात जायचं, हे मला विचित्र वाटलं. तरी गेलो. "मी येऊ का?" सगुणाने विचारलं. तिला ठाणं पाहायचं असेल असं समजून मी हो म्हटलं.

माझं काम पटकन आटोपलं. दोन्ही दात शाबूत होते. थोडं खरवडलं, बस्स. मी उठलो, आणि सगुणा कोणी न सांगता त्या खुर्चीवर जाऊन बसली.

"मलापण रक्त येतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "चार वर्षं झाली."

"अगं, मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुमच्या तोंडावर घर चालतं. माझ्या तोंडाचं काय एवढं?"

ती भाकरी नेहमी कालवणात भिजवून खायची. तिला तशी आवडते, असं मी धरून चाललो होतो.

तिच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. बाकीचे दात साफ करून वाचले. दाढ निघताना तिने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. मी डॉक्टरांना हात जोडले.

आता आम्ही दोघं सहा महिन्यांनी ठाण्याला जातो. थुंकीतून दगड कसा होतो, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही. तरी सांगतो, दुखायची वाट पाहू नका. आणि जायच्या आधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. मी चार वर्षं विचारलं नव्हतं.