भिंतीतल्या ओलीचा शोध

नगरपालिकेच्या नकाशाखोलीत ताईची तेहेतीस वर्षं गेली. आधी ती शाईनं नकाशे काढायची. संगणक आल्यावर जुन्या गुंडाळ्या झटकून पुन्हा जागेवर ठेवणं, एवढंच उरलं. कंबर धरलेली, डोळे अधू. निवृत्तीला सात महिने होते आणि तिला कंटाळा करायचाही कंटाळा आला होता.

तिची धाकटी बहीण गावाच्या खालच्या अंगाला राहायची. घराला बारा महिने ओल. कपाटात बुरशी, मुलीला खोकला. सासूचं एकच पालुपद: हिला घर राखता येत नाही. धाकटीनं दोनदा भिंती खरवडून रंग दिला, नळ तपासून घेतले. शेवटी तिनंही मान्य करून टाकलं, की आपल्याच हाताला गुण नाही.

एक दिवस त्याच भागातून ओलीच्या तक्रारीचा अर्ज आला. अभियंत्यानं फुटका पाइप असेल म्हणून तो बाजूला सारला. अर्जाखाली अकरा घरांचे नंबर होते, शेजाऱ्यांनी परस्पर घातलेला धाकटीचाही. ताईनं ते नकाशावर टिपले. ठिपक्यांची एक वाकडीतिकडी रेघ झाली, चार गल्ल्या तिरप्या कापणारी. पाइप तर रस्त्याच्या कडेनं सरळ जातात. ती कण्हत स्टुलावर चढली, वस्ती होण्याआधीचा नकाशा काढला आणि त्यावरून ट्रेसिंग पेपरवर रेघा उतरवून घेतल्या. तो कागद तिनं नव्या नकाशावर ठेवला. ठिपक्यांखाली टेकडीवरून उतरणारा ओढा होता. घरं बांधताना तो भराव घालून बुजवला होता. उतार मात्र होता तिथंच होता.

रविवारी ती कागद घेऊन बहिणीकडे गेली. सासूही शेजारी येऊन बसली. ताईनं बोटानं ओढा दाखवत टेकडीपासून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत आणला.

"पाणी उताराचं ऐकतं, मावशी," ती म्हणाली. "सुनेनं कितीही पुसलं तरी ते येणारच."

सासू चष्मा लावून कागदावर वाकली. मग म्हणाली, की शेजारची म्हातारी सांगायची, आम्ही इथं धुणं धुवायला यायचो म्हणून. मला वाटायचं, बरळते.

धाकटी कागदाकडे बघत होती. "म्हणजे नऊ वर्षं मी उगाच स्वतःला..." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ताईनं ऑफिसात टिपण दिलं. ते टेबलाटेबलांवरून फिरत राहिलं आणि ती निवृत्त झाली. दोन वर्षांनी वस्तीच्या वरच्या बाजूला पाणी वळवणारा चर खणला गेला. काही घरं कोरडी झाली. धाकटीची ओल निम्म्यावर आली. सासूनं माफी वगैरे मागितली नाही, पण पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं की सून बोलायच्या आत तीच सांगायची, खालून ओढा जातो आमच्या.

ताईला चराचं ऑफिसातून कुणी कळवलं नव्हतं. दवाखान्यातून परतताना तिला तो दिसला. पाणी नीट चाललं होतं. ती चराकडेच्या कठड्याला टेकून थोडी उभी राहिली आणि पाय भरून आले तशी घराकडे वळली.