चिंचेच्या ढोलीतला दिवा

हे मी आजवर कुणापुढं बोलले न्हाई. नवऱ्यापुढं न्हाई, आईपुढं न्हाई. तुम्ही मला वळखत न्हाईत म्हणून जीभ उचलायली.

लग्न होऊन नांदेडात आले. पत्र्याची खोली, पोरगी अंगावर पिती. उन्हाळ्यात खोलीत जीव जायचा, मंग मी जुन्या बागेत जायचे. बाग कसली — रानच ते, निजामाच्या वख्ताचं. आत शिरलं की गाड्यांचा आवाज बंद. बहाव्याचे पिवळे घोस, मोर वरडायचे. अन् मधी ती चिंच — चार बायांनी कवळा घातला तरी पुरायचा न्हाई, बुडाशी माणूस बसंल एवढी ढोली. राखणीला म्हातारे माळीमामा. त्यांच्या आज्यानं पखालीनं पाणी घातलेलं त्या झाडांना. "माय, हितं फौजेची घोडी बांधायचे," सांगायचे. "तुझी पोरगी बी घोडीवानीच लाथा मारायली बघ!" अन् हसत बिडी पेटवायचे.

मंग पोरीला ताप भरला. दवाखाना केला, उतरंना. सासूबाय म्हनल्या, "भर दुपारी चिंचेखाली पाजत बसती व्हय गं? धरलं तिथल्यानं." खरं असंल का? मला काय कळतंय — सातवी शिकलेली मी. भ्याले.

दिवस मावळताना उतारा घेऊन गेले. दहीभात, लिंबू, कणकेचा दिवा. झाडाबुडी ठेवायचा अन् मागं वळून बघायचं न्हाई — बघितलं की बाधा परत संगं येती. पण वारं सुटलेलं, दिवा टिकंना. म्हणून ढोलीत ठेवला. आत वाळला पाला, गुडघाभर. दिसला का मला? दिसला.

दहा पावलं गेले असंन — मागं चर्र, चर्र. वास बी आला. मला कळलं हो, तिथंच कळलं. अन् मी वळले न्हाई. पाय उचलत राहिले.

चिंच आतून जळायली होती. तीन दिवस. वरून पानं हिरवी, अन् खोडाच्या भोकातून धूर — कुणी आत बसून दम टाकायलंय तसा. बंब आला, पाणी मारलं, तर धूर दुसरीकडून. पोपट वरच्या ढोलीभवती घिरट्या घालायचे. पिल्लं आत होती. चौथ्या दिवशी झाड पडलं. तवर पोरीचा ताप उतरला होता.

बागेचे मोठे साहेब आले. गर्दीत मला इचारलं, "तुम्ही रोज येता ना? हितं बिडी कोण वढतं?"

मामा माझ्याकडंच बघत होते. मी म्हनले, "मामा वढतेत."

खोटं होतं का ते? शब्द खरेच होते — म्हणूनच निवडले मी.

"वढतो साहेब," मामा म्हनले. "पण आज्यानं जगवलेलं झाड मी जाळीन व्हय?" कुणी ऐकलं न्हाई. साहेबांनी गेटाच्या किल्ल्या काढून घेतल्या, उद्यापासून येऊ नको म्हनले. जाताना मामांनी पोरीच्या कपाळाला हात लावला. "उतरला व्हय गं ताप? बरं झालं, माय."

तापाचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांना उतारा कळला होता — कुणाचा, कशासाठी, सगळं. तरी माझं नाव घेतलं न्हाई.

साहेब अजून तिथंच उभे होते, हाताच्या अंतरावर. मी एक शब्द बोलले असते तर मामांना किल्ल्या परत मिळाल्या असत्या. मी पोरीला पदराखाली घेतलं अन् पाजत उभी राहिले.