हुरडा गरम आहे तोवर

माझं आयुष्य कोणत्या क्षणी बदललं ते मला नेमकं ठाऊक आहे. शुक्रवारची सकाळ होती. माझा मित्र माधव आमच्या पुण्याच्या घराच्या जिन्यात उभा राहून एक पोस्टकार्ड वाचून दाखवत होता. कार्ड त्याच्या बहिणीचं, म्हणजे कुमुदचं, सोलापूरहून आलेलं. नाव माधवचं, पण मजकूर माझ्याबद्दल.

"तुझ्या मित्राचं पत्र मिळालं. पत्रात चंद्र सहा वेळा उगवला आहे, मावळला एकदाही नाही. ते सकाळी काय खातात, घरात कोण कोण आहे, कुणाशी पटत नाही, यातलं काही कळलं नाही. अशा माणसाबरोबर रोजचा चहा कसा प्यायचा? आप्पा महिनाअखेर एका स्थळाला होकार कळवायचं म्हणत आहेत. तुझ्या मित्राला काही सांगायचं असेल तर त्यांनी येऊन सांगावं. हुरडा सुरू झाला आहे."

शेवटचं वाक्य मी सोडून दिलं. वाचकांनी सोडू नये.

माझी थोडी माहिती देतो, म्हणजे पुढे माझी कीव करायला बरं पडेल. मी विशीतला, तापट आणि सध्या कॉलेजात नसलेला इसम आहे. एका प्राध्यापकांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला, वर्ग हसला, मी उठलो तो परत गेलोच नाही. माझे वडील कचेरीत कारकून. त्या दिवसापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असलो तरी, "त्याला म्हणावं, पाणी तापलंय." राहता राहिली कुमुद. ती गणपतीत पुण्याला मामांकडे आली होती आणि तिनं मला एकच प्रश्न विचारला होता: "साखर किती घालू?" एवढ्यानं मी घायाळ झालो. उत्तर काय दिलं ते आठवत नाही, चहा कसा होता तेही आठवत नाही. त्यात आमची जात एकच, त्यामुळे बंड करायचीसुद्धा सोय नव्हती. माझ्या स्वभावाच्या माणसाला ही फार मोठी अडचण आहे.

माधव दोन दिवसांनी घरी निघणारच होता. मी त्याच्याबरोबर निघालो. आईला सांगितलं, हुरडा खायला जातो. ते खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

सोलापूरला जायचं तर सकाळची पॅसेंजर धरावी. तिसऱ्या वर्गाचं तिकीट पावणेतीन रुपयांच्या आत येतं. दौंडला पाणी भरून घ्यावं. कुर्डुवाडीला गाडी इतका वेळ उभी राहते की खाली उतरून भजी खाऊन, हात धुऊन, पुन्हा भजी खाता येतात. हे सगळं मला माधवनं नंतर सांगितलं, कारण मी अख्खा वेळ खिडकीत बसून कुमुदपुढे करायचं भाषण पाठ करत होतो. "कुमुद, या विराट विश्वाच्या पसाऱ्यात..." अशी त्याची सुरुवात होती. भीमेचा पूल केव्हा गेला ते कळलं नाही. समोरच्या बाकावर मुंडासंवाले एक आजोबा फडकं सोडून भाकरी-कांदा खात होते. त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली.

"खावा की."

"नको."

"मग पोटात दुकतंय व्हय? मगाधरनं नुसतं तोंड हलवायलाव."

माधव खिडकीबाहेर बघून हसला. मी तोंड फिरवलं.

उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात. भाडं आधी ठरवून घ्यावं. मी ते विचारलं, तसा टांगेवाला घोड्याला म्हणाला, "पूने का पावना है रे. पूने के लोगां बैठने के पैले पूछते, हमारे लोगां उतरने के बाद झगडते."

शुक्रवार पेठेत माधवच्या घरी दार उघडलं ते त्याच्या आत्यांनी. या बाई घरातल्या कर्त्या. माधवची आई गेल्यापासून दोन्ही मुलांना त्यांनीच वाढवलं. आत कुणाशी तरी कानडीत आणि माझ्याशी मराठीत, दोन्ही एकाच दमात बोलत होत्या. मला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि मागे वळून हाक मारली, "कुमे, चंद्र आला गं!"

मी माधवकडे वळलो. माधव खालच्या आवाजात म्हणाला, "आत्याला वाचता येत नाही. कुमुदनं तुझं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवलं."

"सगळं?"

"दोनदा. दुसऱ्यांदा शेजारच्या काकूही होत्या."

त्याच पावली परत फिरायचा माझा विचार होता, पण आत्यांनी तोवर माझी पिशवी आत नेली होती. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. कडक भाकरी पापडासारखी कडाडते. ती मोडायची पद्धत असते. मी बोटांनी दाबली आणि अर्धी उडून आप्पांच्या ताटात पडली. आप्पा म्हणजे माधवचे वडील; सुताचे व्यापारी, गंभीर, बोलायला कमी. त्यांनी तुकडा उचलला, चटणीला लावला आणि खाऊन टाकला. आमची पहिली ओळख ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीच्या भोंग्यानं दचकून उठलो. इथे कुणाला घड्याळ लागत नाही; पहिल्या भोंग्याला चूल पेटते, दुसऱ्याला माणसं रस्त्यावर येतात. पलीकडच्या आळीत तेलुगू विणकरांच्या घरांतून मागांची खटक-खटक सुरू झाली होती. गल्लीत जो भेटेल तो आत्यांना कानडीत विचारत होता, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी सात वाजता जेवण कुणाचं झालेलं असणार? पण विचारणारा विचारतो, ऐकणारा हसतो आणि दोघेही खूश होऊन पुढे जातात. ही चाल मला त्या दिवशी अगदी बिनडोक वाटली.

दुपारी सगळे सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. सोलापूरला जाऊन हे तळं चुकवू नका. मधोमध देऊळ, भोवती पाणी, काठावर चुरमुरेवाले. आत्या थोड्या पुढे गेल्या, माधव जोडे सांभाळत बसला. मी संधी साधली.

"कुमुद, या विराट विश्वाच्या पसाऱ्यात..."

"हळू," ती म्हणाली.

"का?"

"मासे पळतात." तिनं मूठभर चुरमुरे पाण्यात टाकले. "तो बघा, एकाच्या शेपटीचा तुकडाच नाही. गेल्या वर्षीपण होता."

मी त्या माशाकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "मी पुण्याहून मासे बघायला आलेलो नाही."

"ते दिसतंय की," ती म्हणाली आणि उरलेले चुरमुरे स्वतः खाल्ले.

तिसऱ्या दिवशी हुरड्याला निघालो. आप्पांचं शेत वैरागच्या अलीकडे. वैरागला जाणारी सर्व्हिस मोटर धरायची, धूळ खायची तयारी ठेवायची आणि टोपी हातात धरायची. रस्त्यावर उतरून शेतापर्यंत अर्धा कोस चाल. माळावर वारा गार, ऊन कोवळं, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. आप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेतावरच्या गड्यानं जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव तयार ठेवला होता. भोवती पोती अंथरलेली.

हुरडा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरवी, दुधाळ दाण्याची कणसं फुफाट्यात खुपसायची. भाजली की काढायची आणि चटके सोसत तळहातावर चोळायची. दाणे सुटले की फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत द्यायचे. दुसऱ्याच्या! चोळणाऱ्यानं आधी स्वतः खायचं नाही. आणि दाणा गरम आहे तोवरच त्याला चव. गार झाला की चिवट, मग तो कोंबड्यांचा.

आत्यांनी हुकूम सोडला, "आज पुण्याचं पाव्हणं चोळतील. आणि ऐका, चोळताना बोलायचं न्हाय. बोललं की फुंकर चुकती."

कुमुद माझ्यासमोर ओंजळ करून बसली. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते आणि ती इतकी जवळ पुन्हा केव्हा बसणार होती? मी कणीस चोळलं. दाणे हातात घेतले आणि सुरू केलं, "कुमुद, आपलं आयुष्य म्हणजे..."

तिनं बोटानं दाणा चाचपला. "गार झाला. दुसरं घ्या."

दुसरं चोळलं. "माझ्या अंतःकरणात जे..."

"हापण गेला."

तिसऱ्या वेळी बोलता बोलता फुंकर मारली, ती उलटी. सगळा कोंडा कुमुदच्या केसांत आणि आप्पांच्या चष्म्यावर. आत्या पोट धरून हसल्या. माधव आडवा झाला. आप्पांनी चष्मा पुसला, तेसुद्धा मिशीत हसत होते. आणि मला एकदम तो वर्ग दिसला, तो निबंध, ती हसणारी तोंडं. हातातलं कणीस विस्तवात फेकलं, म्हटलं, "मी तुमचा विदूषक नाही!" आणि तरातरा रस्त्याला लागलो. मनाशी ठरवलं, पायी वैराग, तिथून मिळेल त्या गाडीनं पुणे आणि जन्मात लग्न करायचं नाही.

पाव कोस गेल्यावर मेंढरं आडवी आली. पाठीमागे घोंगडी पांघरलेला म्हातारा धनगर. मेंढरं जाईपर्यंत थांबणं भाग होतं.

"कुटं निगालासा, पावनं?"

"पुण्याला."

"चालत?" त्यानं माझ्या वहाणांकडे बघितलं. "लांब हाय की."

त्यानं नाक वर करून वास घेतला. "आप्पांच्या शेतावर हुरडा लावलाय जनू. खाऊन आलासा?"

"नाही."

"का बरं?"

याला काय उत्तर द्यावं? मला हसले, म्हणून? मी म्हटलं, "चोळत होतो."

"आन् खाल्ला न्हाय?" म्हाताऱ्याला माझं खरोखर वाईट वाटलं. माझं लग्न मोडतंय म्हणून सांगितलं असतं तरी एवढं वाटलं नसतं. "आरारा! जावा बगू मागं. रुसायला काय, घरी जाऊन बी रुसता येतंय."

मेंढरं गेली. वाऱ्यावर गोवऱ्यांचा धूर आणि भाजल्या कणसांचा वास येत होता. तीन दिवस मी सोलापूर जिल्ह्यात होतो आणि नाकानं पहिल्यांदाच काम केलं होतं. पोटात कावळे ओरडत होते. आणि लाज वाटत होती ती हसण्याची नव्हे. मला आठवत होतं की कुमुदच्या केसांत कोंडा गेला आणि तो काढायला मी हातसुद्धा पुढे केला नाही.

परत गेलो. वाटलं होतं, आता टोमण्यांचा पाऊस पडेल. पण कुणी काही विचारलं नाही. माझ्या पोत्यावरची जागा रिकामीच ठेवलेली होती. आत्यांनी फक्त विस्तवातलं एक कणीस माझ्याकडे सारलं. मी बसलो आणि तोंड मिटून चोळायला लागलो. चटका बसला, फुंकर नीट बसली, कोंडा वाऱ्यावर गेला. हिरवेगार दाणे आधी आप्पांना दिले, मग आत्यांना, मग गड्याला. मग कुमुदच्या ओंजळीत ओतले. तिनं घाईनं तोंडात टाकले, गरम लागले म्हणून डोळे मिटले आणि हसली. हसताना तिच्या उजव्या गालाला आधी खळी पडते, डाव्या गालाला जरा उशिरा. सहा चंद्रांच्या भानगडीत हे मला दिसलंच नव्हतं.

मग तिनं स्वतः एक कणीस उचललं, चोळलं, फुंकलं आणि म्हणाली, "धरा हात."

तो पहिला घास. वर शेंगांची चटणी, एक खडा गुळाचा. यावर लिहायला मला शब्द सापडत नाहीत, आणि न सापडल्याचा प्रथमच आनंद आहे.

मोटरीच्या वाटेवर ती मला म्हणाली, "ते भाषण किती मोठं होतं?"

"अठरा वाक्यं."

"शेवटचं काय होतं?"

"माझ्याशी लग्न कराल का."

"मग तेवढंच म्हणायचं की," ती म्हणाली आणि पुढे चाललेल्या आत्यांना गाठायला पळाली.

चौथ्या दिवशी निघताना आप्पांनी मला ओसरीवर बसवलं. "पोरीनं काल सांगितलं. त्या स्थळाला मी नाही कळवतो. कॉलेज पुरं करायचं की काम धरायचं, ते ठरवा. पण काहीतरी करा. रविवारी मी पुण्याला येतो, तुमच्या वडिलांशी बोलायला. त्यांना कल्पना आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. घरात आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, हे सांगायला जीभ वळली नाही. आत्या आतून ओरडल्या, "चंद्राला भाकरी बांधून दिलीय, गाडीत मोडताना शेजाऱ्याला सांभाळा म्हणावं!"

परतीच्या गाडीत भीमेचा पूल पाहिला. पात्रात पाणी कमी, वाळूत कलिंगडांच्या वाड्या. कुर्डुवाडीला भजी खाल्ली, दोनदा. शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं, "जेवण झालं का?" त्या चकित झाल्या, मग हसल्या आणि अर्ध्या तासात त्यांच्या तिन्ही सुनांची माहिती मिळाली.

घरी येऊन तीन दिवस झाले. सोलापूरहून काय आणलं म्हणून आई विचारते. चादर आणली आहे एक. ती सगळेच आणतात. तळहातावर दोन फोड आहेत, ते आता सुकत आले. याखेरीज काय उरलं हे सांगणं कठीण आहे. सकाळी आईच्या पोळपाटाचा आवाज कानावर येतो, जिन्याची चौथी पायरी करकरते हे कळतं. वडील कचेरीतून आले की टोपी खुंटीला लावण्यापूर्वी एकदा झटकतात, हे मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. या सगळ्याला काय नाव द्यावं? काल नाव शोधत बसलो होतो, मग सोडून दिलं.

आज शनिवार. उद्या आप्पा येणार. वडिलांना सांगण्यासाठी काल रात्रीच अकरा वाक्यं लिहून काढली होती. ती आत्ता वाचली आणि फाडली. खाली अंगणात ते दाढी करत बसले आहेत. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात आरसा, आणि आरसा सारखा कलतोय. आरसा मी धरीन म्हणतो. चेहऱ्याची एक बाजू होईस्तोवर मी काहीच बोलणार नाही. दुसऱ्या बाजूला साबण लावताना सांगेन, "बाबा, मला कुमुदशी लग्न करायचंय." एकच वाक्य.

दौतीचं झाकण लावतो, खोलीबाहेर जातो आणि दार ओढून घेतो.