संपतरावांच्या नावाचं झाड

चहा संपवा आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला साधी कोथिंबीरसुद्धा आणायला सांगणार नाही!

त्रेपन्न-चौपन्न साल असेल. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. पण हंगामी! दर उन्हाळ्यात नोकरी जायची, जूनमध्ये पुन्हा हात जोडायचे. मला कायम करणं एकाच माणसाच्या हातात होतं, संस्थेचे अध्यक्ष संपतराव. मोठे शेतकरी. इकडे बायको रोज विचारायची, "झालं का कायम?" 

आणि एके दिवशी जवळच्या सिंदी मेघे गावाच्या वाटेवर, एका वावरात, म्हणजे शेतात, ते झाड दिसलं. त्याला फुलंच नाहीत! फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके. आमच्या शास्त्रात कूळ ठरतं ते मुख्यतः फुलावरून. मी पुस्तकं पालथी घातली, झाड एकाही कुळात बसेना. म्हणजे काय? नवी जात!

शेजारी अगदी तशाच पानांची, पांढरी फुलं आलेली शेकडो झाडं उभी होती. ती मी पाहिली आणि सोडून दिली. पुण्याच्या पेठेत वाढलेला माणूस मी, दुसरं काय होणार?

नव्या जातीला एखाद्या माणसाचं नाव देता येतं. कुणाचं दिलं असेल, सांगा बरं? झाड आणून कुंडीत लावलं आणि लॅटिन शेपूट लावून 'संपतरावी' अशी झोकदार पाटी रंगवली. खरं तर नमुना आधी मोठ्या तज्ज्ञाला दाखवायचा असतो. तेवढा धीर कुणाला होता!

कॉलेजात समारंभ झाला. हार, पेढे, माझं भाषण. "साहेबांचं नाव आता शास्त्रात अमर झालं!" टाळ्याच टाळ्या. संपतराव गहिवरून कुंडीजवळ आले, चष्मा लावला, एक झुपका चुरगळला.

"मास्तर, कुठून आणलं हे?"

"सिंदी मेघ्याच्या वाटेवरच्या वावरातून, साहेब."

"ते वावर माह्यंच होय. अन् हा तं तीळ होय!"

"पण साहेब, याला फुलं..."

"रोग पडला त्याच्यावर. दाना धरत नाई तो. काऊन, तुमी तीळ कधी पाह्यला नाई?"

"पाहिलाय ना... लाडवात."

सगळा हॉल हसला. संपतराव तेवढे हसले नाहीत.

"अन् याले माह्यं नाव देलं तुमी?"

संपलं सगळं! पण संपतराव एकदम मवाळ झाले.

"बरं, तुमी शिकेल माणूस. असं रोगट रोप वावरात दिसलं तं काय करा लागते?"

हुश्श! निदान एक तरी येणारा प्रश्न! वर्गात सांगावं तसं मी खणखणीत आवाजात सांगितलं, "ताबडतोब मुळासकट उपटून टाकावं, साहेब! दयामाया दाखवली की बाकीच्यांनाही लागण होते."

"बराबर," संपतराव म्हणाले आणि कारकुनाकडे वळले, "मास्तर काय म्हनते, ते लिहून घ्या."

सोमवारी मला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. कारण म्हणून खाली माझंच वाक्य होतं, शब्दन् शब्द.