आचार्यांची शेवटची चार पानं

हस्तलिखितांच्या संग्रहात त्याला सगळे डिंकराव म्हणत. चौतीस वर्षं त्याने फाटक्या पानांना ठिगळं लावली, पण त्यांतलं एक अक्षर वाचलं नाही. "डॉक्टर काय रोग्याची पत्रं वाचतो?" असं वर ऐकवायचा. माणूस तसा फटकळच.

मुलगी मात्र अक्षरांच्याच मागे लागली. आठशे वर्षांपूर्वीच्या एका जैन आचार्यांच्या पोथीवर तिने सहा वर्षं रक्ताचं पाणी केलं. पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं. त्याआधी शेवटचं प्रकरण बापाने ऐकलंच पाहिजे, हा तिचा हट्ट.

ती वाचू लागली. वस्तूला अनेक बाजू असतात, हे आचार्य जन्मभर सांगत आले. पण पोथीच्या शेवटच्या चार पानांत ते चक्क म्हणतात, सत्याला बाजू एकच. म्हणजे म्हातारपणी त्यांनी आपलंच मत सोडलं. हा शोध तिचा, आणि सगळं पुस्तक त्यावर उभं.

"शेवटची चार म्हणजे कोपरा तुटलेली?" त्याने विचारलं.

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

डिंकरावाच्या तोंडचं पाणी पळालं. "ती शेवटची नाहीत गं. पोथी माझ्या हातून पडली होती. पानांवरचे आकडे वाळवीने खाल्लेले. घाईत कशीतरी लावली, बासनात गुंडाळली आणि मूग गिळून बसलो."

दुसऱ्या दिवशी संग्रहात त्याने तिला कसरीच्या किड्याने पोथीत पाडलेलं भोक दाखवलं. वरच्या पानांत वाटाण्याएवढं, मग लहान होत होत टाचणीच्या टोकाएवढं, आणि शेवटच्या चार पानांत पुन्हा वाटाण्याएवढं. "किडा काही उड्या मारत नाही," तो म्हणाला. ती चार पानं त्याने वर, तिसऱ्या पानाखाली सरकवली.

तिने सलग वाचलं. ते मत आचार्यांचं नव्हतंच. विरोधकाचं होतं. खोडून काढण्याआधी त्यांनी ते नीट मांडलं होतं, इतकंच.

"गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं," तो पुटपुटला.

"मलासुद्धा. त्याचीच भीती वाटतेय, बाबा." तिने कोरा कागद ओढला. "हे आता तारखेसकट रीतसर लिहून द्यावं लागेल. इतकी कसली घाई होती त्या दिवशी?"

"घरून निरोप आला होता. तू झालीस म्हणून."

कागदावर सगळ्यात वर तिने स्वतःची जन्मतारीख लिहिली.