वहिनींनी महागातला कम्पायलर घ्यायला लावला

आमच्या सुलभा वहिनींना जाऊन महिना उलटला. त्यांच्याशी शेवटच्या नीट गप्पा झाल्या त्या त्यांच्या खाटेशेजारी, आणि विषय काय, तर कम्पायलर! म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर. इतक्या वर्षांत मला एवढंच कळलं. मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फ कारखान्यांतले कॉम्प्रेसर चालू-बंद करणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. डोकं वहिनींचं, तोंड माझं.

मी दर वेळी महागातल्या कम्पायलरची माहितीपत्रकं आणायचो. त्या कम्पायलरमध्ये डीबगर असायचा, म्हणजे प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते दाखवायची सोय. वहिनींचं मात्र फुकटातल्यावर भागायचं. त्यात बग, म्हणजे दोष, होते. "मेला एखादी ओळ फालतू समजून गिळतो," त्या म्हणायच्या, "पण कुठली गिळतो ते ठाऊक आहे हो मला. नव्याच्या खोडी कोण शोधत बसणार?" मग ती ओळ अशी काही वळवून लिहायच्या, की त्याला गिळताच येऊ नये. दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणायचा, "माझ्याही खोडी हिने अशाच सांभाळून घेतल्या."

आजारपणात नव्या कंट्रोलरसाठी पुन्हा निवड करायची वेळ आली. बोलणी कशाला खा, म्हणून मी माहितीपत्रक नेलंच नव्हतं. तर वहिनीच म्हणाल्या, "भावोजी, या वेळी महागातला घ्या. डीबगरवाला."

"वहिनी, ताप चढलाय काय?" मी चेष्टा केली.

"फुकटच्याचे बग मला पाठ आहेत. माझ्यानंतर मुग्धाने काय करायचं?... तिला माझ्या चुका दिसायला हव्यात."

मुग्धा त्यांची लेक, आमच्याच धंद्यात. मला भडभडून आलं. वहिनी मात्र लगेच म्हणाल्या, "आणि सांगतील ती किंमत देऊन येऊ नका. तुमचा काही भरवसा नाही."

मायलेकींनी मग जमतील तसे जुने प्रोग्राम नव्या कम्पायलरवर आणले.

गेल्या आठवड्यात एका कारखान्यात वीज जाऊन आली आणि कॉम्प्रेसर सुरूच होईना. मालकांना तो तात्पुरता हाताने चालवायला सांगितला, पण असं किती दिवस चालणार? वहिनींनी नव्या कम्पायलरवर आणलेला तोच प्रोग्राम बाकीच्या कारखान्यांतही होता. बिघाड झाला की वहिनींना विचारायचं, एवढीच माझी अक्कल. धंदा चालणार की वहिनींबरोबरच संपला, ते आता कळणार होतं. मुग्धाने कंट्रोलर घरी आणून टेबलावर घेतला, डीबगर जोडला आणि एकेक ओळ बघत पुढे निघाली. मी केलेला चहा तिच्याशेजारी निवून गेला.

"काका, सापडली!" ती एकदम ओरडली. वीज आल्यावर किती वेळ थांबायचं ते मोजणारी ओळ वहिनींच्या हातून चुकीच्या जागी पडली होती, त्यामुळे ते थांबणं संपतच नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "बाबा, ऐकलंत का? आई चुकली होती, आई!"

आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला, "हळू बोल गो... तिला ऐकू जाईल."